उलटा बनियन : प्रस्तावना

व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनी १९४४ साली जर्मनमध्ये एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी चार मुलग्यांची सविस्तर वर्णनं केली होती. या मुलांचं पुस्तकी बोलणं, चुकवलेली नजर, आकड्यांची ओढ यांवर पुढे जगभर भरपूर लिहिलं गेलं. त्याच निबंधातला एक छोटा मजकूर मात्र बहुतेकांनी वाचून पुढचं पान उलटलं. त्यात ते म्हणतात की अशा पुष्कळ मुलांना मखमल, रेशीम, कापूस, खडू यांचा स्पर्श सोसत नाही. नव्या सदऱ्याचा खरखरीतपणा चालत नाही आणि रफू केलेले मोजेही चालत नाहीत. नखं कापायला घेतली की आकांत होतो, अंघोळीच्या पाण्यावरूनही होतो.

आपल्याकडच्या एखाद्या स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाच्या आईला एवढंच वाचून दाखवा. ती म्हणेल, हे आमच्याच घरचं लिहिलंय. रफूचे मोजे आता कोणी घालत नाही, त्यांच्या जागी शाळेचे नायलॉनचे मोजे आलेत, एवढाच फरक.

आस्पर्गर यांचं नाव घेतलं की एक गोष्ट सांगणं भाग पडतं. हेर्विग चेख या इतिहासकाराने २०१८ साली व्हिएन्नाच्या दप्तरखान्यातली कागदपत्रं प्रसिद्ध केली. नाझी राजवटीशी आस्पर्गर यांचं सहकार्य होतं आणि ज्या संस्थेत अपंग मुलांना मारलं जात होतं त्या ‘आम श्पीगेलग्रुंड’मध्ये काही मुलांना पाठवण्यात त्यांचाही हात होता, हे त्यातून पुढे आलं. त्यामुळे त्यांचा उल्लेख इथे साक्षीदार म्हणून येतो, आदरानं नव्हे. साक्ष मात्र खरी आहे, आणि ती बराच काळ जर्मनमध्येच अडकून राहिली. उटा फ्रिथ यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९९१ साली आलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेच्या निकषांमध्ये ‘संवेदनांना दिलेला अति किंवा अत्यल्प प्रतिसाद’ हा मुद्दा २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत आला. म्हणजे खरखरीत सदरा डॉक्टरांना दिसल्यापासून निदानाच्या यादीत शिरेपर्यंत एकोणसत्तर वर्षं गेली. मधल्या काळात अशा मुलांना कोणकोणती विशेषणं लागली असतील, ती आपल्या भाषेत आपण सगळ्यांनी ऐकली आहेत: हट्टी, लाडावलेला, नाटकी, आणि मुलगी असेल तर नखरेल.

हे पुस्तक स्वमग्न मुलांच्या कपड्यांविषयी आहे. बोलणं, शाळा, झोप, जेवण असे मोठाले प्रश्न घरात उभे असताना कपड्यांवर अख्खं पुस्तक कशाला, असं आम्हाला पुष्कळांनी विचारलं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून माझं उत्तर साधं आहे. जेवण दिवसातून तीन-चार वेळा होतं, शाळा पाच-सहा तासांची असते. कपडा दिवसभर आणि रात्रभरही अंगाला लागलेला असतो. जे मूल सकाळपासून बगलेत टोचणारी शिवण सहन करतंय त्याला आपण अकरा वाजता टेबलासमोर बसवतो आणि रंग ओळखायला सांगतो. ते खुर्चीवरून उठलं की त्याच्या फायलीत ‘एकाग्रता कमी’ अशी नोंद होते. त्याच्या बगलेत काय चाललंय हे बघण्याचा रकाना कुठल्याही फॉर्मवर नसतो.

स्पर्शाचं शास्त्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरंच पुढे गेलंय, आणि पालकांना त्यातलं थोडं तरी ठाऊक असावं असं मला वाटतं. ‘त्याला खरंच त्रास होतो का?’ हा घरातल्या मोठ्यांचा प्रश्न शास्त्राशिवाय मिटत नाही. आपल्या त्वचेत दाब, कंप, ताण, केसांची हालचाल ओळखणारी वेगवेगळी टोकं आहेत. दाब पडला की पेशीच्या आवरणातलं एक दार उघडतं आणि मज्जातंतूत संदेश सुरू होतो. ‘पिएझो-२’ नावाचं हे दार शोधल्याबद्दल आर्डेम पाटापूशियन यांना २०२१ सालच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. काही तंतू ‘कुठे लागलं, काय लागलं’ हे झटपट कळवतात. दुसरे तंतू फार सावकाश चालतात. ते केसाळ त्वचेत असतात, म्हणजे हाताची वरची बाजू, पाठ, मान अशा ठिकाणी, आणि सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ वेगाने हात फिरला की ते सर्वांत जास्त जागे होतात. आईचा हात बाळाच्या पाठीवरून साधारण याच वेगाने फिरतो. स्पर्श सुखाचा वाटण्यात या तंतूंचा वाटा मोठा आहे. आता सदऱ्याचा मागचा भाग, कॉलरची कड आणि मानेवरचं लेबल नेमकं कुठे येतं ते बघा. तळहातावर जे कापड चांगलं लागतं ते मानेवर तसंच लागेल असं नाही. तरीही दुकानात आपण कापड बोटांच्या चिमटीत धरूनच पारखतो.

यापुढची पायरी मेंदूची. तुम्ही आत्ता हे वाचताय तेव्हा तुमच्या कमरेला इलास्टिक आहे, मनगटावर कदाचित घड्याळ आहे, आणि मी आठवण करून देईपर्यंत दोन्ही तुमच्या लेखी नव्हती. सतत येणारा निरुपद्रवी संदेश मेंदू काही क्षणांत बाजूला सारतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शुलामाइट ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून त्यांच्या हातावर टोचरं लोकरी कापड घासलं आणि रहदारीचा आवाज ऐकवला, कधी वेगवेगळं तर कधी एकदमच. संवेदनांचा जास्त त्रास होणाऱ्या स्वमग्न मुलांच्या मेंदूतला धोक्याची दखल घेणारा भाग आणि संवेदना घेणारे भाग पुन्हा पुन्हा तितक्याच जोराने प्रतिसाद देत राहिले. सवय होण्याची क्रिया मंद होती. मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्या स्वमग्न मुलांना असा त्रास कमी होता त्यांच्या मेंदूत कपाळामागचा भाग त्या धोक्याच्या घंटेला आवर घालताना दिसला. म्हणजे ‘स्वमग्न आहे म्हणजे कपडे टोचणारच’ असंही समीकरण नाही. एका घरातल्या दोन स्वमग्न भावांचे मोजे वेगवेगळ्या कारणांनी फेकले जातात.

हार्वर्डमध्ये लॉरेन ओरेफिस आणि डेव्हिड गिंटी यांनी २०१६ साली उंदरांवर केलेलं काम तर याच्याही मागे जातं. स्वमग्नतेशी संबंध असलेली काही जनुकं त्यांनी फक्त त्वचेकडून संदेश आणणाऱ्या चेतापेशींमध्ये बंद केली, मेंदूला हात लावला नाही. ते उंदीर स्पर्शाला अति संवेदनशील झाले आणि पुढे बावरलेले, इतर उंदरांना टाळणारे झाले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि यावरून उद्याचं औषध निघेल असा अर्थ कोणी काढू नये. पण गडबड सगळी ‘डोक्यात’च असते, हा समज त्यामुळे हलला एवढं नक्की.

आतून हे कसं असतं, ते सांगणाऱ्या व्यक्तींमध्ये टेंपल ग्रँडिन यांचं नाव आधी येतं. १९४७ साली जन्मलेल्या या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. लहानपणी रविवारी चर्चला जाताना झग्याखाली घालायला लागणारा टोचरा पेटीकोट त्यांच्या लिखाणात वारंवार येतो. आठवडाभर पायघोळ पँट आणि रविवारी उघडे पाय, या बदलानेही त्या हैराण होत. बहुतेकांना नव्या कपड्याची सवय काही मिनिटांत होते, त्यांना मात्र दिवसच्या दिवस लागत. कपड्यांत थोडेसे बदल केले असते तर चर्चमधलं आपलं ‘वाईट वागणं’ बरंचसं टळलं असतं, असं त्यांनी मोठेपणी लिहिलं आहे. हे वाचल्यावर मला आपल्याकडची लग्नं आठवतात. जरीच्या काठाचं परकर-पोलकं, गळ्याशी कडक झालेली शेरवानी, डोक्यावर तयार फेटा, त्यात सनईचा लाऊडस्पीकर आणि अक्षता. मूल जमिनीवर लोळण घेतं, आणि मावशी म्हणते, “एवढं छान शिवलंय, पाच मिनिटं घाल की रे राजा, फोटोपुरतं.” मावशीचं प्रेम खरं असतं. तिने ते पोलकं कधी आतून पाहिलेलं नसतं, एवढंच.

आपण मुलांचे कपडे डोळ्यांनी निवडतो. म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचकाला कपडा उलटा करायला लावतं. ते करून बघण्यासारखं आहे. बाजारातला एखादा स्वस्त, झगमगीत रेडीमेड फ्रॉक घ्या आणि आतली बाजू बाहेर काढा. बाहेरून जिथे नाजूक फुलं आहेत तिथे आत भरतकामाच्या गाठी आहेत आणि त्यांच्यामागे लावलेलं कडक जाळीचं अस्तर. टिकल्या लावलेला दोरा जागोजागी मोकळा सुटलाय. कमरेला जाळीदार घेराच्या चुण्या एकत्र दाबून शिवल्यात, त्यामुळे तिथे एक जाड, करकरीत पट्टा तयार झालाय. मानेमागचं लेबल पॉलिएस्टरचं आहे. अशी लेबलं पुष्कळदा गरम पात्याने कापतात, त्यामुळे कडा वितळून टणक होते. आणि ते लेबल ज्या पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने शिवलंय त्याचं टोक माशाच्या बारीक काट्यासारखं वर आलंय. पालक लेबल कात्रीने कापतात आणि तरी मूल मान खाजवतच राहतं, याचं कारण हे: लेबल गेलं तरी शिवणीत अडकलेला त्याचा दोन मिलिमीटरचा खुंट आणि तो दोरा राहिलेला असतो. शिवण उसवायचं छोटं हत्यार शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळतं. त्याने टाका-टाका उसवून लेबल मुळासकट काढावं.

बनियन उलटा घालायची युक्ती मात्र आम्ही कोणाला शिकवलेली नाही. ती मुलांचीच. आतली शिवण बाहेर गेली की अंगाला सपाट बाजू लागते. कित्येक मुलं हे स्वतः शोधून काढतात आणि घरचे ते रोज ‘सरळ’ करून घालतात. शाळेच्या शर्टाखाली उलटा बनियन कोणालाही दिसत नाही. मोज्यांचंही तसंच आहे. बोटांवरून जाणारी शिवण बुटात दाबली जाते आणि पाऊल टाकलं की रुतते. मोजे उलटे घातले की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेल्या निम्म्यासाठी पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, कारण मोज्यांवर बोलायला लागलो की पालकांच्या बैठका संपत नाहीत.

आपल्या आज्या-पणज्यांना ‘संवेदन-प्रक्रिया’ हा शब्द ठाऊक नव्हता. तरी तान्ह्याला कोरं कापड न घालता धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्याची दुपटी आणि अंगडी त्या वापरत. गोधडीही त्याच कापडाची, थरावर थर आणि हाताचे टाके. कोऱ्या सुती कापडाला खळ असते, ती जाईपर्यंत कापड ताठ राहतं. नवा कपडा मुलाला दाखवण्याआधी चार-पाच वेळा धुवा, असं आम्ही सांगतो, ते याच अनुभवातून. मात्र ‘जुनं ते सोनं’ म्हणत सगळ्याच रूढी डोक्यावर घ्यायचं कारण नाही. मुंजीत धोतर नेसवून आणि मुंडण करून तासन्‌तास होमाच्या धुरात बसवणं ही स्वमग्न मुलासाठी मोठी परीक्षा असते. काही घरांनी ती सुती चड्डीवर, पंधरा मिनिटांत आणि चार माणसांत उरकलेली मी पाहिली आहे. कोणाचं काही बिघडलं नाही.

इथवर टोचण्याबद्दल बोललो. उलट बाजूची मुलंही तितकीच आहेत, आणि त्यांच्याकडे कमी लक्ष जातं कारण ती रडत नाहीत. पावसात भिजलेल्या कपड्यांत तासभर बसतील, बुटात खडा असला तरी चालत राहतील, मोजा टाचेऐवजी घोट्यावर आला तरी त्यांना पत्ता नसतो. यातली काही मुलं जास्तीत जास्त स्पर्श मागतात. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळतात, बुटाच्या नाड्या पुन्हा पुन्हा घट्ट करायला लावतात, कॉलर आणि बाह्या चघळून चोथा करतात. एकाच मुलात दोन्ही दिसतं तेव्हा घरचे चक्रावतात. हलका स्पर्श सोसवत नाही आणि गच्च मिठी मात्र हवी, यात विसंगती नाही. हलका स्पर्श आणि खोल दाब हे दोन वेगळे अनुभव आहेत. ग्रँडिन यांनी तरुणपणी गुरांना लस टोचताना धरून ठेवणाऱ्या सापळ्यावरून स्वतःसाठी दाबयंत्र तयार केलं, ते यातूनच. घट्ट बसणारा होजियरीचा बनियन किंवा सायकलिंग शॉर्ट काही मुलांना दिवसभर बरं वाटू देते. ढगळ कपड्याची सतत सरकणारी कड त्यांना जास्त सतावते.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या दुखऱ्या जागेवर बाजार उभा राहिलाय. वजनदार जाकिटं, दाबाची जाकिटं, ब्रशने अंग घासण्याचे कार्यक्रम भारी किमतीला विकले जातात. माझ्या व्यवसायातली मंडळीच ते सुचवतात, म्हणून मीच सांगितलेलं बरं. वजनदार जाकिटांवरचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांतून लक्ष वाढल्याचा किंवा वागण्यात फरक पडल्याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१२ सालीच म्हटलं होतं की संवेदन-उपचारांमागचं संशोधन मर्यादित आहे हे पालकांना स्पष्ट सांगावं. ज्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी कॅलिफोर्नियात १९६० आणि ७०च्या दशकांत हा सगळा विचार मांडला आणि स्पर्शाला बचावात्मक प्रतिसाद देणारी मुलं ओळखली, त्यांचं श्रेय मोठं आहे. पण त्यांच्या विचाराच्या नावावर आज जे जे विकलं जातं त्या सगळ्याला त्यांची सही नाही. मुलाला एखादी गोष्ट आवडते, ती घातल्यावर ते शांत असतं, काढायची असेल तेव्हा काढता येते, तर खुशाल वापरा. ती औषध आहे असं कोणी सांगितलं तर खिसा सांभाळा.

ऑक्युपेशनल थेरपीचा उगम परदेशी असला तरी भारतातलं तिचं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, आणि ते सुरू केलं कमला निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन, लग्नानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या. रोजच्या जगण्यातल्या कामांना, म्हणजे खाणं, नेसणं, बटण लावणं यांना उपचारात मानाचं स्थान देणारी ही विद्या इथे आली ती एका मराठी घरातल्या सुनेमुळे, हे आमच्या विद्यार्थ्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं. बटण लावणं हा शब्द मी मुद्दाम वापरला. कपडे नाकारण्यामागे प्रत्येक वेळी त्वचाच असते असं नाही. काही मुलांची बोटं बटणाच्या घराशी झगडतात, बाही कुठली आणि गळा कुठला हे त्यांना पटकन उमगत नाही; शर्ट नको म्हणण्यामागे ‘मला जमत नाही’ हे असतं. अशा वेळी मऊ कापड आणून उपयोग नाही, मोठं बटण किंवा वेल्क्रो लागतं.

आणि त्याहीआधी शरीर तपासावं. हे वाक्य पुस्तकात तीन ठिकाणी आलंय, संपादकांनी काढायचा प्रयत्न केला तरी मी ते ठेवलं. काल घालत होता आणि आज घालत नाही, असं झालं तर घामोळं, इसब, खरूज, नायटा, वाढलेलं नख, बुटाने पडलेला फोड हे आधी बघा. जीन्सच्या धातूच्या बटणातल्या निकेलची अॅलर्जी बेंबीच्या खाली चट्टा आणते. ज्या मुलाला बोलून सांगता येत नाही त्याने पँट काढून टाकणं हेच त्याचं सांगणं असतं. पोट दुखत असलं, लघवीला जळजळ होत असली तरी मूल पँट काढतं. ‘हे स्वमग्नतेचंच आहे’ असं म्हणून मुलाला दुखणं अंगावर काढायला लागलं, असं घडतं.

मग राहतो सारखेपणाचा प्रश्न. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोरमध्ये अकरा स्वमग्न मुलांचं वर्णन केलं तेव्हा सगळं जसंच्या तसं राहावं हा आग्रह त्यांना ठळकपणे दिसला. तो कपड्यांतही उतरतो. निळा टी-शर्ट म्हणजे निळाच. मे महिन्यात स्वेटर, कारण तो डिसेंबरात सुरू झाला आणि संपल्याचं कोणी सांगितलं नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट अर्ध्या बाह्यांचा झाला की मूल मनगटं झाकायला बाही ओढत राहतं. यात त्वचेचा भाग किती आणि भाकीत करता येण्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे; ओळखीचा कपडा कसा लागणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून दोन्ही एकात एक गुंतलेले असतात. व्यवहारात करायचं ते असं. जो शर्ट चालतो तोच, त्याच कापडाचा, पुढच्या दोन मापांत आजच घेऊन ठेवावा. उद्या तो रंग मिळणार नाही. मोठं माप आधी नुसतं कपाटात दिसू द्यावं, मग खुर्चीवर, मग जुन्या शर्टावरून पाच मिनिटं. ऋतू बदलताना कॅलेंडरवर खूण करावी. जबरदस्तीने घालून ‘होईल सवय’ म्हणणं ही पद्धत आपल्या समाजात फार लोकप्रिय आहे. ग्रीन यांच्या एमआरआयमध्ये सवयीचं यंत्रच संथ दिसलं होतं, हे लक्षात घेतलं तर तिचा फोलपणा कळतो. मूल गप्प होतं, ते थकून.

शाळेचा गणवेश हे या पुस्तकातलं सर्वांत वादाचं प्रकरण. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर असतं, ते घाम शोषत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दुपारपर्यंत ते पाठीला चिकटतं. त्यात टाय, पट्टा, गुडघ्याखाली आवळणारे मोजे. शाळा नियमावर बोट ठेवते, ठरावीक दुकानातूनच कापड घ्यायला लावते आणि ‘एकाला सूट दिली तर सगळे मागतील’ म्हणते. पालक ओशाळून परत येतात. त्यांनी ओशाळायचं कारण नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिलेल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्याव्यात असं त्याच कायद्याचं सोळावं कलम सांगतं. त्याच रंगाचा सुती होजियरीचा शर्ट, टायला सुट्टी, इलास्टिकची पँट, मोज्याविना सँडल या गोष्टी वाजवी नाहीत असं म्हणणं कोणालाही कठीण जाईल. अर्जाचा नमुना पुस्तकाच्या शेवटी दिलाय. अनुभव असा की कायद्याचा कागद दुसऱ्या भेटीत काढावा. पहिल्या भेटीत वर्गशिक्षिकेच्या हातात तो शर्ट उलटा करून द्यावा आणि कॉलरच्या आत बोट फिरवायला सांगावं. पुष्कळ शिक्षिका तिथल्या तिथे टायची सक्ती सोडतात.

आपल्याकडे एक सोय अशी आहे जी परदेशातल्या पालकांना महागात पडते. अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ या दुकानसाखळीने २०१७ साली बिनलेबलाचे, सपाट शिवणीचे मुलांचे कपडे आणले तेव्हा त्याची बातमी झाली. आपल्या गल्लीत शिंपी आहे. त्याला सांगितलं तर तो बगलेतली शिवण दुमडून कच्ची कड आत बंद करतो, नाडीऐवजी रुंद मऊ इलास्टिक कापडाच्या बोगद्यात घालतो, कॉलरमधलं ताठ बकरम काढून टाकतो. फक्त त्याला ‘चांगलं शिवा’ म्हणू नये. त्याच्या लेखी चांगलं म्हणजे कडक कॉलर आणि बसलेली क्रीज. मुलाचा आवडता जुना शर्ट त्याच्यासमोर ठेवावा आणि ‘आतून असा’ म्हणावं.

वयात येणाऱ्या मुलींबद्दलचं प्रकरण वाचताना काही वडील पानं उलटतील, तसं करू नये. ब्रेसियरचे हूक, पाठीवरचा पट्टा, खांद्याची पट्टी, सॅनिटरी पॅडचा प्लास्टिकचा थर, त्याचा आवाज आणि वास हे सगळं एकदमच येऊन पडतं, आणि त्याच काळात ‘मोठी झालीस, नीट बस’ सुरू होतं. पाळी येण्याच्या कितीतरी आधीपासून घरात सुती कापड पॅडसारखं घडी करून चड्डीत ठेवायची सवय लावता येते. पाळीसाठी शिवलेल्या शोषक चड्ड्याही आता मिळतात आणि काही मुलींना त्याच चालतात. मुलग्यांच्या बाबतीत चारचौघांत कपडे काढणं हा प्रश्न वयाबरोबर गंभीर होतो. सहाव्या वर्षी जे पाहुण्यांनी हसण्यावारी नेलं, ते सोळाव्या वर्षी पोलीस चौकीपर्यंत जाऊ शकतं. म्हणून कुठले कपडे कुठल्या खोलीत काढायचे याचा सराव लवकर सुरू करावा, आणि ते का काढावेसे वाटतात याचा शोध त्याच्याही आधी.

पुस्तकातली उदाहरणं खऱ्या घरांमधली आहेत. नावं, गावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. स्वतः स्वमग्न असलेल्या मोठ्या माणसांनी हस्तलिखित वाचलं आणि बराच मजकूर कापायला लावला, विशेषतः जिथे आम्ही ‘मुलाला सवय लावा’ असं सहज लिहून गेलो होतो. त्यांनी समासात ‘कशासाठी?’ असा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहिला होता. काही ठिकाणी आमच्याकडे उत्तर होतं: हेल्मेट, रेनकोट, दवाखान्यातला गाऊन. जिथे नव्हतं तिथला मजकूर गेला.

खरेदीसाठी कंपन्यांची आणि ब्रँडची नावं पुस्तकात दिलेली नाहीत. पालक तीच आधी विचारतात हे आम्हाला माहीत आहे. पण त्याच नावाचा बनियन पुढच्या वर्षी वेगळ्या सुताचा, वेगळ्या शिवणीचा येतो आणि मूल तो घालत नाही. मग कंपनीला पत्र लिहिणारे पालक आम्ही पाहिले आहेत. त्याऐवजी कापड ओळखायची रीत, धुण्याची पद्धत आणि शिंप्याला द्यायची सूचना असलेला कागद दिलाय. तो मागच्या पुठ्ठ्यातल्या खिशात आहे, मराठीत एका बाजूला आणि हिंदीत दुसऱ्या बाजूला, कारण पुष्कळ शहरांत शिंपीकाका हिंदीच बोलतात.